त्वचा, नख आणि मन : त्वचा टोकरण्याच्या विकाराचा इतिहास आणि लोणावळा-मावळ परिसरातील मनोकायिक विचार

प्रस्तावना

मराठीत 'खाजवून खरूज काढणे' असा एक वाक्प्रचार रूढ आहे. विनाकारण तंटा उकरून काढणाऱ्या माणसाविषयी तो वापरला जातो. या वाक्प्रचारामागे एक गृहीत आहे. अंगावर खरूज उठली तर दोष खाजवणाऱ्या हाताचा, असे ते गृहीत होय. 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' ही म्हण आणि 'हाताला चाळा लागणे' हा शब्दप्रयोग याच जातीचे आहेत. चेहऱ्यावरील पुटकुळी फोडत बसणारी मुलगी, हातावरच्या खपल्या पुन्हापुन्हा काढणारा विद्यार्थी, इसबाच्या जागी रक्त येईपर्यंत नखे चालविणारा प्रौढ, या सर्वांना घरात मिळणारी संज्ञा 'खोड' हीच असते. खोड म्हटली की उपाय ठरलेला असतो, तो म्हणजे दटावणे.

आधुनिक मनोविकारशास्त्राने मात्र या वर्तनाच्या तीव्र स्वरूपाला एकविसाव्या शतकात स्वतंत्र विकार म्हणून मान्यता दिली आहे. पापापासून खोडीपर्यंत आणि खोडीपासून विकारापर्यंत हा प्रवास कसा झाला, याचा मागोवा घेणे हे प्रस्तुत निबंधाचे पहिले उद्दिष्ट आहे. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात, विशेषतः लोणावळा येथे, शरीर व मन यांचा एकत्र विचार करणारी संशोधनपरंपरा १९२४ पासून अस्तित्वात आहे. त्या परंपरेचा या प्रश्नाशी कोणता संबंध जोडता येतो, हे पाहणे हे दुसरे उद्दिष्ट आहे.

विकाराचे स्वरूप

खाज सुटली म्हणून खाजविणे ही शरीराची स्वाभाविक प्रतिक्रिया आहे. खपली निघत आली की ती काढण्याचा मोह बहुतेकांना होतो. त्वचा टोकरण्याचा विकार याहून वेगळा आहे. अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ च्या वर्गीकरणानुसार त्याची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे सांगता येतील. त्वचा वारंवार टोकरल्यामुळे जखमा होतात. ते थांबविण्याचा प्रयत्न रुग्ण अनेकदा करतो आणि अपयशी ठरतो. त्यामुळे त्याला लक्षणीय मनस्ताप होतो किंवा त्याच्या शिक्षणात, कामात व सामाजिक जीवनात बाधा येते. आणि खरजेसारखा शारीरिक आजार, एखादे औषध वा मादक द्रव्य किंवा दुसरा मनोविकार हे त्याचे कारण नसते.

बऱ्याच रुग्णांत आरंभ त्वचेच्या एखाद्या खऱ्या तक्रारीपासून होतो. तारुण्यपीटिका, इसब, डासाचा चावा, कोरडी त्वचा यांपैकी काहीतरी निमित्त होते. पुढे निमित्त संपते, पण हात थांबत नाही. टोकरण्याचे दोन प्रकार अभ्यासकांनी नोंदविले आहेत. एकात रुग्ण आरशासमोर उभा राहून, मनातील ताण असह्य झाल्यावर, जाणीवपूर्वक त्वचेवरील उंचवटा शोधतो. दुसऱ्यात वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना किंवा प्रवासात हात आपोआप चालत राहतो व रक्त दिसल्यावरच भान येते. पहिल्या प्रकारात क्षणभर सुटका वाटते, त्यामागोमाग लाज येते, लाजेतून ताण वाढतो आणि ताणातून हात पुन्हा त्वचेकडे वळतो. निरनिराळ्या पाहण्यांनुसार लोकसंख्येतील सुमारे २ ते ५ टक्के व्यक्तींना हा त्रास असू शकतो. उपचारासाठी येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण अधिक आढळते आणि आरंभ बहुधा पौगंडावस्थेत होतो.

प्राचीन परंपरेतील त्वचारोगी

मावळच्या डोंगरांत कार्ला, भाजे व बेडसे येथील बौद्ध लेणी आहेत. भाजे लेण्यांचा आरंभ इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापर्यंत मागे जातो. या विहारांत राहणाऱ्या भिक्षूंच्या दैनंदिन जीवनाची कल्पना विनयग्रंथांवरून येते. कार्ला येथील शिलालेखात महासांघिक पंथाचा उल्लेख आहे, तर आज संपूर्ण उपलब्ध असलेला पाली विनय थेरवाद पंथाचा आहे. तथापि भिक्षुसंघाच्या समान परंपरेचा साक्षीदार म्हणून त्याकडे पाहता येते.

पाली विनयाच्या महावग्गात आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांची कथा येते. त्यांना त्वचेचा स्रावयुक्त विकार झाला होता. स्रावामुळे चीवर अंगाला चिकटत असे व इतर भिक्षू पाण्याने भिजवून ते हळूहळू सोडवीत. हे पाहून बुद्धांनी खाज, फोड व स्राव यांनी त्रस्त असलेल्या भिक्षूंना औषधी चूर्ण वापरण्यास आणि व्रण झाकण्यासाठी वेगळे वस्त्र बाळगण्यास अनुमती दिली. 'कण्डुप्पटिच्छादि' असे त्या वस्त्राचे नाव असून त्याचे माप, लांबी चार वीत व रुंदी दोन वीत, हेही नियमाने ठरविलेले आहे. दुखऱ्या त्वचेची अशी नियमबद्ध काळजी प्राचीन वाङ्मयात लक्षणीय होय. परंतु याच महावग्गात कुष्ठ, गंड, किलास, शोष व अपस्मार या पाच व्याधींनी ग्रस्त असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये, असाही नियम आहे. संघात असलेल्याला करुणा आणि संघाबाहेरच्याला बंद दार, अशी ही दुहेरी स्थिती होती.

आयुर्वेदाने त्वचारोगांचे सूक्ष्म वर्णन केले. सात महाकुष्ठे व अकरा क्षुद्रकुष्ठे अशी अठरा प्रकारांची विभागणी प्रसिद्ध आहे. खाज, पुटकुळ्या, काळसर वर्ण व पुष्कळ स्राव ही चरकसंहितेने दिलेली विचर्चिकेची लक्षणे आजच्या इसबाशी जुळतात. परंतु किलासाची, म्हणजे कोडाची, कारणे सांगताना चरकसंहिता विरुद्ध आहाराबरोबरच असत्य भाषण, कृतघ्नता, देवनिंदा, गुरूंचा अवमान, पापकर्म आणि पूर्वजन्मीचे कर्म यांचाही निर्देश करते. निरीक्षण वैद्याचे आणि कारणमीमांसा नीतिशास्त्राची, असा हा संयोग आहे. त्वचेवरचा डाग म्हणजे आचरणावरचा डाग, ही समजूत पुढे शतकानुशतके टिकली.

देवी, महारोग आणि कोड : समाजाची नजर

एकोणिसाव्या शतकात या समजुतीला कायद्याचेही बळ मिळाले. मुंबईत १८९० मध्ये निराश्रित महारोग्यांसाठी माटुंगा येथे आश्रयगृह उभे राहिले. तेच पुढे अॅकवर्थ कुष्ठरुग्णालय म्हणून ओळखले गेले. १८९८ च्या लेपर्स अॅक्टने निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याची तरतूद केली. हा केंद्रीय कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, तर कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानणाऱ्या तरतुदी २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आल्या. औषधाच्या इतिहासाशी ही वर्षे ताडून पाहणे उद्बोधक ठरते. कुष्ठरोगावरील बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ मध्येच केली होती. म्हणजे रोग बरा होऊ लागल्यानंतरही कलंक कायद्यातून पुसण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला.

देवीच्या रोगाचे उदाहरणही असेच आहे. रोगाला 'देवी' म्हणणे, तो बाहेर आला म्हणजे 'देवी आल्या' म्हणणे, यात भीती व भक्ती एकत्र होती. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला. परंतु देवीचे वण असलेले चेहरे त्यानंतरही अनेक वर्षे गावोगाव दिसत होते आणि विवाह ठरविताना त्या वणांची चर्चा होत होती.

कोडाच्या संदर्भात पुण्यात एक वेगळे वळण आले. स्वतः कोड असलेल्या शल्यचिकित्सक डॉ. माया तुळपुळे यांनी २००१ मध्ये 'श्वेता असोसिएशन' ही संस्था स्थापन केली. कोड असलेल्यांचे स्वमदत गट, समुपदेशन व जनजागृती हे तिचे कार्य होय. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' (२००६) हा मराठी चित्रपट कोड असलेल्या डॉक्टर युवतीची कथा सांगतो. कोड शरीराला वेदना देत नाही. त्याची वेदना बघणाऱ्याच्या नजरेतून निर्माण होते, ही गोष्ट यामुळे मराठी समाजासमोर स्पष्टपणे आली.

त्वचा टोकरणाऱ्या रुग्णाची अडचण याहून एक पायरी पुढची आहे. कोड असलेली व्यक्ती 'हे मी केलेले नाही' असे म्हणू शकते. त्वचा टोकरणाऱ्याला तेही म्हणता येत नाही, कारण जखम त्याच्याच नखांनी केलेली असते. म्हणूनच तो पूर्ण बाह्यांचे कपडे घालतो, समारंभ टाळतो आणि डॉक्टरांनाही 'काहीतरी चावले' असे सांगतो.

नामकरणाचा इतिहास

पाश्चात्त्य वैद्यकात या वर्तनाची पहिली ठळक नोंद इंग्रज त्वचारोगतज्ज्ञ इरॅस्मस विल्सन यांनी १८७५ मध्ये केली व त्यास 'न्यूरोटिक एक्सकोरिएशन' असे नाव दिले. १८९८ मध्ये फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ लुई ब्रोक यांनी मुरुमे टोकरणाऱ्या तरुण मुलींचे वर्णन केले. त्यापूर्वी १८८९ मध्ये फ्रान्सवा अॅलोपो यांनी स्वतःचे केस उपटण्याच्या सवयीला 'ट्रायकोटिलोमेनिया' ही संज्ञा दिली होती. ही तिन्ही नावे त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेली आहेत. रुग्ण त्वचा दाखविण्यास येत होता. मनाविषयी विचारणे हे त्या दालनाचे काम मानले जात नव्हते.

विसाव्या शतकात हा विकार दोन शास्त्रांच्या मध्ये अडकला. १९९४ च्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो त्वचारोगांच्या प्रकरणात, 'कृत्रिम त्वचादाह' या शीर्षकाखाली समाविष्ट झाला. स्वतःला रुग्ण भासविण्यासाठी मुद्दाम केलेली जखम आणि थांबविण्याची इच्छा असूनही न थांबणारे टोकरणे यांना त्यामुळे एकच घर मिळाले. वर्गीकरणातील ही चूक केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही. घरात 'खोड' म्हणून जे ऐकावे लागे, तेच रुग्णालयात शास्त्रीय भाषेत ऐकावे लागत होते.

२०१३ मध्ये अमेरिकन वर्गीकरणाने 'एक्सकोरिएशन डिसऑर्डर' या नावाने त्याला मंत्रचळ व तत्सम विकारांच्या गटात ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेचे अकरावे वर्गीकरण २०१९ मध्ये स्वीकारले गेले व जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात केस उपटणे व त्वचा टोकरणे हे विकार शरीरकेंद्रित पुनरावर्ती वर्तनाच्या उपगटात एकत्र आले. १८७५ ते २०१३ असा जवळजवळ एकशे चाळीस वर्षांचा काळ या मान्यतेला लागला.

लोणावळा : हवापालट ते योगचिकित्सा

बोरघाटातून रेल्वेमार्ग १८६३ मध्ये सुरू झाला आणि मुंबईकरांना खंडाळा-लोणावळा जवळ आले. थकलेल्या, आजारातून उठलेल्या व मन उदास झालेल्या माणसाने हवापालटासाठी घाटावर जावे, हा त्या काळातील सर्वमान्य सल्ला होता. शरीराच्या तक्रारींत परिसराचा व मनःस्थितीचा वाटा असतो, ही जाणीव त्यात अस्पष्टपणे होती.

तिला प्रयोगाची बैठक देण्याचा प्रयत्न स्वामी कुवलयानंद (१८८३-१९६६) यांनी केला. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे पूर्वाश्रमीचे नाव. ऑक्टोबर १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे संशोधनपर नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांचा क्ष-किरणांच्या व दाबमापनाच्या साहाय्याने त्यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. योगाचे परिणाम श्रद्धेने सांगू नयेत, मोजून सांगावेत, हा त्यांचा आग्रह होता. १९३० च्या दशकाच्या आरंभी येल विद्यापीठातील मानसशास्त्राचे अभ्यासक कोवूर बेहनन यांनी कुवलयानंदांच्या मार्गदर्शनाखाली योगाभ्यास केला. त्यांचा योगाच्या शास्त्रीय मूल्यमापनावरील ग्रंथ १९३७ मध्ये प्रकाशित झाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने स्वामी कुवलयानंद व डॉ. श. ल. विनेकर यांचा योगचिकित्सेवरील इंग्रजी ग्रंथ (१९६३) महत्त्वाचा आहे. भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयातर्फे तो प्रकाशित झाला. योगचिकित्सेची तीन अंगे त्यात मांडलेली आहेत : योग्य मनोवृत्तीची जोपासना, मज्जा-स्नायू व मज्जा-ग्रंथी संस्थांचे पुनर्घडण, आणि योग्य आहार व उत्सर्जनाच्या नैसर्गिक क्रियांना साहाय्य. यांतील क्रम लक्षणीय आहे. मनोवृत्ती पहिली येते. योगपरंपरेत या मनोवृत्तीचा संबंध यमनियमांशी आणि मैत्री, करुणा, मुदिता व उपेक्षा या चार भावनांशी आहे. करुणेचा विषय आपले स्वतःचे शरीरही असू शकते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

हा ग्रंथ त्वचा टोकरण्याच्या विकारासाठी लिहिलेला नव्हता आणि योगाने हा विकार बरा होतो असा निष्कर्ष त्यावरून काढणे अशास्त्रीय ठरेल. त्याचे महत्त्व वेगळे आहे. रुग्णाच्या अवयवाबरोबर त्याच्या मनोवृत्तीची विचारपूस करणे हा उपचाराचाच भाग आहे, ही भूमिका मावळच्या भूमीवर १९६३ पूर्वीच मांडली गेली होती.

उपचाराच्या आधुनिक दिशा

१९७३ मध्ये नेथन अॅझ्रिन व आर. जी. नन यांनी सवयपरिवर्तनाची पद्धत मांडली. तिचा पहिला टप्पा जाणिवेचा आहे. हात केव्हा, कोठे व कोणत्या मनःस्थितीत त्वचेकडे जातो याची नोंद रुग्णाने ठेवायची असते. दुसऱ्या टप्प्यात त्या क्षणी मूठ मिटून धरणे, हातात वस्तू घेणे अशी पर्यायी कृती करायची असते. घरातील एका व्यक्तीने न दटावता आठवण व प्रोत्साहन द्यायचे असते. नखे आखूड ठेवणे, जखमेवर पट्टी लावणे, आरशासमोरचा वेळ मर्यादित करणे यांचाही उपयोग होतो. मूळ त्वचाविकाराचा उपचार त्याच वेळी चालू ठेवावा लागतो. आवश्यकतेनुसार मनोविकारतज्ज्ञ औषधे देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६६ प्रौढांच्या १२ आठवड्यांच्या चाचणीत एन-अॅसिटिलसिस्टीन या औषधाचा लाभ निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक रुग्णांत दिसला. मात्र ही चाचणी लहान होती आणि हे औषध वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावयाचे आहे.

मन व त्वचा यांच्या संबंधाविषयी अन्य पुरावेही उपलब्ध आहेत. १९९८ मध्ये जॉन कबॅट-झिन व सहकाऱ्यांनी ३७ सोरायसिसच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रकाशोपचाराच्या वेळी ध्यानविषयक ध्वनिमुद्रण ऐकणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा लवकर निवळली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३ युरोपीय देशांतील अभ्यासात त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या रुग्णांपैकी १०.१ टक्के व्यक्तींत नैराश्य आढळले, तर तुलनेसाठी घेतलेल्या व्यक्तींत हे प्रमाण ४.३ टक्के होते. आत्महत्येचे विचार अनुक्रमे १२.७ व ८.३ टक्के व्यक्तींनी नोंदविले. त्वचाविकार 'जीवघेणे नसतात' असे सहज म्हटले जाते. ही आकडेवारी त्या विधानाचा पुनर्विचार करावयास लावते.

मावळच्या संदर्भात

आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही खोरी अतिवृष्टीची आहेत. भातलावणीच्या दिवसांत तासन्‌तास चिखलात उभे राहावे लागते. पायांच्या बोटांत चिखल्या होतात, ओल्या कपड्यांमुळे गजकर्ण पसरते. या भागात त्वचेची तक्रार ही ऋतूबरोबर येणारी गोष्ट मानली जाते आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्षही होते. पावसाळा सरल्यावरही जखमा ताज्याच राहत असतील, तर त्यामागे हाताचा व मनाचा भाग असू शकतो, ही शक्यता विचारात घेणे आवश्यक आहे.

सोयींचा अभाव हे एकमेव कारण आता सांगता येत नाही. तळेगाव दाभाडे येथे १९९५ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने शासकीय मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क मानला आहे. तो २०१८ पासून अमलात आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही समुपदेशन मिळते. उणीव आहे ती त्वचा व मन यांच्यामधील दुव्याची. त्वचा तपासताना 'हे थांबवायचा प्रयत्न करूनही हात थांबत नाही, असे होते का?' एवढा एक प्रश्न मृदूपणे विचारला गेला, तर अनेक वर्षे लपविलेली गोष्ट बोलली जाण्याची शक्यता निर्माण होते. हा प्रश्न शाळेतील शिक्षिका, आरोग्यसेविका व घरातील वडीलधारी माणसेही विचारू शकतात.

समारोप

त्वचा टोकरण्याच्या विकाराचा इतिहास हा मुख्यतः नावांचा इतिहास आहे. पाप, खोड, चाळा, चेतांची दुर्बलता, कृत्रिम त्वचादाह आणि शेवटी विकार, असा त्याचा क्रम दिसतो. प्रत्येक नावाबरोबर रुग्णाशी वागण्याची रीत बदलली. पापाला प्रायश्चित्त सांगितले गेले, खोडीला दटावणी मिळाली. विकाराला उपचार मिळू शकतो. मावळच्या लेण्यांशी नाते असलेल्या भिक्षुपरंपरेने दुखऱ्या त्वचेसाठी वस्त्राचे माप ठरविले होते, आणि लोणावळ्याच्या योगसंशोधकांनी मनोवृत्तीला चिकित्सेत प्रथम स्थान दिले होते. या दोन्ही गोष्टींतून एकच बोध निघतो. जखम कोणाच्या नखाने झाली याचा निवाडा करण्यापूर्वी ती झाकण्याची, धुण्याची आणि तिच्यामागील मनाची विचारपूस करण्याची आवश्यकता असते. 'खाजवून खरूज काढणे' हा वाक्प्रचार भाषेत राहील; मात्र तो आजारी माणसाला उद्देशून वापरला जाऊ नये, एवढी दक्षता समाजाला निश्चित घेता येईल.